जनरल रजिस्टर, भाग तीन

या कपाटाची किल्ली माझ्याकडं एकवीस वर्षं.
त्याआधी ती गोसावी भाऊसाहेबांच्या करदोट्याला असायची.
भाग एक वाळवीनं खाल्ला.
भाग दोन कुणाची तरी जन्मतारीख सांगायला कोर्टात गेला,
तो आलाच नाही.
भाग तीन जाडजूड, खाकी कापडात बांधलेला;
उघडला की टाकातल्या शाईचा वास येतो,
आणि थोडा उंदरांचा, खोटं कशाला बोलू.

सकाळी कोइमतूरहून एक गृहस्थ आले.
सफारी, हातात पिशवी, बोटात एकही अंगठी नाही.
नखं मात्र तेजाबानं पिवळी पडलेली.
विट्यात अशी नखं कुणाची, हे कुणाला शिकवावं लागत नाही.
"दाखला पायजे. शाळा सोडल्याचा."
"कुठल्या साली सोडली?"
"दुष्काळाच्या."
"कुठल्या?"
आमच्याकडं हे विचारावंच लागतं.
"सुकडीच्या."

त्या वर्षी आजचं मैदान नुसता उतार होता.
वर्गातल्या पोरांच्या आया
रोजावर दगड फोडत, पाट्या वाहत तो सपाट करत होत्या,
आणि पोरं भूमितीच्या तासाला खिडकीतून बघत होती.
चोथे सर ओरडले नाहीत म्हणे.
म्हणाले, बघा. समतल असं करतात.
दस्तगीर शिपाई ट्रकच्या पाट्यावर टोल द्यायचा,
त्याच टोलावर पोरं डबा सोडायची
आणि बाहेर बायका भाकरीचं फडकं.

मी पानं उलटत गेले.
मधेच मुलींचं पान लागलं.
सोडण्याचे कारण: लग्न.
त्याखाली दोन टिंबं,
त्याखाली दोन टिंबं,
अठरा जणी एका शब्दाच्या आधारानं उभ्या.
वरून सातवी माझी आत्या.
दळण घेऊन ती अजून याच रस्त्यानं जाते,
आणि शाळेशी आली की
पाटी उगाच दुसऱ्या खांद्यावर घेते.

सापडलं.
घाडगे सर्जेराव तातोबा. इयत्ता नववी.
सोडण्याचे कारण, लाल शाईत:
सतत गैरहजर.

त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.
"तेवढं बदलता यील का?"
पूर्वेकडच्या दोन खोल्या यांनीच बांधून दिल्यात.
फरशीवर नाव वडिलांचं कोरलंय.
त्यांनी ते सांगितलं नाही,
मीही आठवण काढली नाही.
"गैरहजर न्हवतो, बाई.
भट्टीवर बसायचो. मुशीत सोनं पातळ झालं
की बरोब्बर अकरा वाजायचे.
मालक म्हणायचा, वत.
मी वतायचो,
आन् मनात म्हणायचो, सतरा नंबर, यस सर.
लई वर्षं म्हणत हुतो."

रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.
दाखला मूळ नोंदीबरहुकूम द्यावा लागतो.
मी तसाच लिहिला, सतत गैरहजर,
माझं अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.
वर्तणुकीचा रकाना मात्र
मूळ नोंदीत कोराच होता.
कोऱ्या जागेचं काय करायचं
हे भाऊसाहेबांनी मला कधी सांगितलं नाही.
मी लिहिलं: उत्तम.
शिक्का मारला, फुंकर घातली.

दाखला त्यांनी उभ्यानं घेतला, दोन्ही हातांनी.
नातवाला दाखवायचाय म्हणाले,
पोरगं तिकडं तमिळ शाळेत जातं,
त्याला वाटतं आजा अडाणी.
मी चहा मागवते म्हटलं.
नको म्हणाले, गाडी आहे.

मी कपाट लावत होते तेवढ्यात घंटा झाली.
आता ती विजेची आहे, कर्कश, बटणाची.
व्हरांड्यात ते फाटकाकडं निघाले होते.
घंटा ऐकून थांबले,
वळले,
आणि दोन पावलं
नववी ब च्या दाराकडं चालून गेले.