टिंब

रविनगर चौकाच्या अलीकडे, चहाच्या टपरीला लागून
'उरकुडे टायपिंग अँड बाइंडिंग'. तो मी.
लोकांचे प्रबंध शिवतो,
काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं.
आत कोणाचं काय, पाहायची सवय नव्हती.

नवतपा लागलेला. कूलरची टाकी दोनलाच कोरडी.
रत्नमालाताई आल्या, डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून,
टेबलावर अहवाल ठेवला. मशीननं काढलेला.
पानंच्या पानं लाल.
"एक्केचाळीस टक्के चोरी, उरकुडे.
माझ्याच वाक्यांची.
आणि चोर कोण, तं मी."

अठ्ठ्याण्णव साली हे प्रकरण मीच टाइप केलं होतं.
टिमकीच्या गल्ल्यांत दोन वर्षं हिंडून
त्यांनी दोनशे बारा बायांना बोलतं केलं होतं,
दिवसाला किती कांड्या, कांडीमागं किती पैसे,
खांदा कोणत्या वयात धरतो,
आणि एकीनं दारातून हाकललं, तेही लिहिलं होतं.
'कांडी भरणाऱ्या स्त्रिया'.
त्या रात्री लाइन दोनदा गेली.
मी टाइप केलं : 'काडी'.
एक टिंब राहिलं, आणि पुढची बावीस पानं
काडी, काडी, काडी.

तेच टिंब आता कुठंच नाही.
गोंदियाच्या दोन प्रबंधांत नाही,
सावनेरच्या नाही, लातूरच्या नाही.
एकानं तर खाली टीप दिली आहे :
'काडी भरणे, म्हणजे आगपेटी उद्योगातील काम.'
ताई हसल्या. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.
मीही हसलो, थोडं जास्तच.

मग त्या म्हणाल्या,
"पाचही प्रतींत मी पेनानं टिंबं दिली होती.
रात्रभर बसून. बोट सुजलं होतं.
लायब्ररीत गेली ती कांडी.
मग ही काडी बाहेर पडली कुठून?"

टपरीवरचा स्टोव्ह तेवढा आवाज करत होता.

दोन हजार नऊ. असाच नवतपा.
एक पोरगा, गळ्यात पेनड्राइव्ह,
"काका, जुनी एखादी फाइल द्या नं,
मांडणी पाह्यतो फक्त."
दोनशे रुपये दिले त्यानं.
कूलरला नवा वाळा भरला त्या पैशात,
दुकानभर काय वास सुटला होता!
मग त्याचा मित्र आला. मग मित्राची बहीण.
मांडणीच पाहत असतील, बाप्पा,
मी कशाला विचारू?

आणि मी तरी काय वेगळं केलं?
'सदर संशोधन सर्वस्वी माझे स्वतःचे असून'
हे पान मी एकदाच टाइप केलं, पहिल्या वर्षी.
पुढं फक्त नाव बदलायचं, तारीख बदलायची.
प्रामाणिकपणाची एकच फाइल होती,
सगळ्यांना पुरली.

शंभराचा स्टॅम्पपेपर ताईंनी आणलाच होता.
मी, केवलराम उरकुडे, राहणार दाभा,
लिहून देतो की टिंबाची चूक माझी.
हे वाक्य झरझर उतरलं.
दुसऱ्याला वेळ लागला.
फाइल मी दिली. पैसे घेऊन दिली.
कितीदा, ते आठवत नाही.
याचा नमुना माझ्याकडे कुठंच नव्हता,
एकेक अक्षर शोधून दाबावं लागलं.

प्रिंट निघाली. त्यांनी उभ्यानंच वाचली,
पर्समधून पेन काढलं,
आणि तिसऱ्या ओळीत,
मी पुन्हा लिहिलेल्या काडीवर
एक टिंब दिलं.

माफ केलं म्हणाल्या नाहीत. रागावल्याही नाहीत.
"टायपिंगचे किती?"
नको म्हणालो.
वीसची नोट कटरखाली सारून
त्या दुपट्टा गुंडाळत उन्हात उतरल्या.

नोट अजून तिथंच आहे.
संध्याकाळी एक पोरगी आली,
"काका, प्रतिज्ञापत्राचं पान तयारच असतं नं तुमच्याकडे?"
म्हटलं, होतं.
कागद घे, बस इथं. तूच लिही.