खळं

अल-खर्जच्या पुढे, डांबर संपून वाळू लागते तिथे
अकरा हजार गाई सावलीत उभ्या.
पंख्यांतून पाण्याचं धुकं त्यांच्या पाठींवर.
बाहेर सत्तेचाळीस.
माझ्या उबवणपेटीत पस्तीस.
या मुलखात ऊब द्यायची पेटीच
सगळ्यांत गार.

७३१६. उजवा मागचा सड दगडासारखा.
नाव नाही, कानात पिवळा बिल्ला.
ताजुस्सिर सांगतो, तीन औषधं झाली, चौथं चालू आहे,
तरी दुधात गुठळ्या.
तो गाईशी अरबीत बोलतो, माझ्याशी हिंदीत,
आणि चिडला की नुसताच
टोपी काढून डोकं पुसतो.

मी दुधातले जंतू वाढवते, बशीभर पसरते,
वर साबुदाण्याएवढ्या सहा चकत्या,
एकेकीत एकेक औषध.
लागू पडलं, तर चकतीभोवती
रिकामं वर्तुळ उमटतं, तिथे काही जगत नाही.
पुस्तकात त्याला मोठं नाव आहे.
मी खळं म्हणते.
आई जुन्नरच्या गच्चीवर चंद्राकडे बघून म्हणायची,
जवळ खळं, लांब पाणी.
लांब खळं, तर वाळवण आत घ्या.

सकाळी बशी उघडली.
पाच चकत्या जंतूंत बुडालेल्या,
उंबऱ्यापर्यंत गवत चढलेल्या घरांसारख्या.
सहावीला मात्र खळं, चांगलं रुंद.
पण सहावं औषध गाईंना द्यायचं नाही,
ते माणसांसाठी राखून ठेवलेलं.
मी वहीत लिहिलं: ७३१६, उपाय नाही.
गुरुवारी ट्रक येतो.

तिचं दूध टाकायचं असतं.
टाकत नाहीत.
निळ्या बादल्यांतून वासरांकडे जातं,
औषधाच्या उरल्यासुरल्या चवीसकट.
मी दोनदा लिहून कळवलं.
दोनदा उत्तर आलं, धन्यवाद.

दुपारी लोकेंद्र आला, रात्रपाळीचा दूधवाला.
हातमोजा काढला नाही, उलगडला,
कांद्याची साल काढावी तसा.
अंगठ्याच्या मुळाशी जखम, तीन आठवड्यांची.
"दीदी, यह भी देख लो. किसी को मत बताना."
दवाखान्यात गेला तर कंपनीला कळेल,
कंपनीला कळलं तर विमान.
मी कापूस फिरवला. त्याने दात दाबले,
मग विचारलं, गाय गेली का?

बशीवर नाव लिहायचं असतं.
मी काहीच लिहिलं नाही, फक्त तारीख.

आज शुक्रवार. प्रयोगशाळेत मी एकटी.
दोन बश्या शेजारी ठेवल्या
आणि कुठली गाईची, कुठली लोकेंद्रची
हे क्षणभर मलाच कळेना.
तीच पाच घरं बुडालेली.
सहावीभोवती खळं,
पण गाईच्या खळ्याहून अरुंद,
नखाच्या कडेएवढं, मोजपट्टी लावावी लागली.

ते औषध रियाधला मिळतं.
किंमत मी फोनवर दोनदा विचारून घेतली.

जवळ खळं.
मी बशी खिडकीशी धरून उभी आहे.
खाली लोकेंद्र नळी घेऊन फरशी धुतोय,
एका हाताने.