अजून ओलं आहे

पित्ताशय काढायचं म्हणजे काय,
चार भोकं, दोन रात्री, की घरी.
कास्त्रोच्या दवाखान्यात निम्मं बेट असंच खडे देऊन आलेलं.
माझी बहीण एर्मेलिंदा तर आपले खडे
मुरंब्याच्या बरणीत ठेवते, पाहुण्यांना दाखवते.

माझ्या वेळी भलतीच नळी कापली गेली.
पोरगाच तो, डॉक्टर साल्दिविया.
पडद्यावर हिरवट पाणी दिसलं
आणि त्याचे हात थांबले, असं नर्सनं मागाहून सांगितलं.
शिवलं नाही त्यानं. आत एक रबरी नळी सोडली
आणि सामुद्रधुनीपलीकडे फोन लावला.
पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
तीन दिवसांच्या आत आण, लगेच हात घालते.

पण जुलै होता. उत्तरेचा वारा सुटला, बंदर बंद.
फेरीबोटी साखळीला, हेलिकॉप्टर जमिनीला.
पहिला दिवस. दुसरा. तिसरा.
खिडकीच्या काचा थरथरत होत्या
आणि पोटात कुणीतरी ऊन ऊन काहीतरी सांडत होतं.
पाचव्या दिवशी प्वेर्तो माँतला पोचले
ती हळदीच्या डोळ्यांनी, तापानं फणफणत.

बाईंनी पोटावर हात ठेवला. पुष्कळ वेळ ठेवला.
"आता नाही," म्हणाल्या.
"आधी आतली घाण काढू. सूज उतरू दे.
दोन महिने. कदाचित तीन."

माझा नवरा बाउदिलिओ होड्या बांधतो.
पित्त त्याचं खवळलं, माझं तर पिशवीत होतं.
"गळकी होडी कुणी तीन महिने तशीच ठेवतं?"
"आणि भिजून फुगलेल्या फळीत तुम्ही काथ्या ठोकता?"
तो गप्प झाला.
आलेर्सेच्या सालीचा काथ्या ठोकण्यात त्याचा जन्म गेलाय.
ओल्या फटीत तो बसल्यासारखा वाटतो,
लाकूड सुकलं की गळून पडतो.

कळ काढ म्हणतात. काढली.
पिशवीत सहाशे, सातशे, एका रविवारी चारशे.
चाळीस वर्षं मी सालीपानांतून लोकरीला रंग देते,
असा हिरवा मला कधी साधला नव्हता.
आठवडाभर त्यांनी तोच गाळून
सफरचंदाच्या रसातून मला परत पाजला.
नाक दाबून प्यायले, ओकले, मग त्यांनी नाद सोडला.
सप्टेंबरात तारीख ठरली. आदल्या रात्री ताप.
बाई आल्या, कपाळाला हात लावला,
"अजून ओलं आहे," एवढंच.

त्याच आठवड्यात साल्दिविया आला.
त्याला काय काय सुनवायचं, मी पाठ करून ठेवलं होतं.
दारातच उभा, टोपी चुरगाळत.
म्हटलं, ये, ही लड धर.
तासभर तो दोन्ही हात पुढे करून बसला
आणि मी गुंडाळत राहिले.
हात थरथरत होते. गुंता मात्र होऊ दिला नाही.

बाई नंतर म्हणाल्या,
त्यानं त्या दिवशी स्वतःच शिवायचा हट्ट धरला असता
तर मला जोडायला फारसं काही उरलं नसतं.
मी विचारलं, आणि बंदर उघडं असतं तर?
त्यांनी पिशवीवरचा आकडा वहीत उतरवला.

ऑक्टोबरच्या शेवटी उघडलं मला.
आतड्याचा एक वेढा वर ओढून
यकृताच्या बुडाशी नळीच्या तोंडाला शिवला.
दोरा केसाहून बारीक. सात तास.
जोड पुढे कधी आवळेल सांगता येत नाही,
दरवर्षी येऊन दाखवायचं.

तीन महिने माझं सगळं पांढऱ्या मातीसारखं पडत होतं.
नवव्या सकाळी संडासातून बाहेर आले
आणि नवऱ्याला फोन लावला.
"रंग आला," म्हटलं.
"कुठला?"
"तपकिरी, बाबा. चांगला पक्का तपकिरी."
पलीकडे हातोड्याचा आवाज चालला होता. तो थांबला.
बराच वेळ थांबलेला होता.