किती हप्त्यांत?

दिवसातून तीनशे वेळा मी हाच प्रश्न विचारते.
गिऱ्हाईक कार्ड पुढे करतं,
मी वर न बघता म्हणते, किती हप्त्यांत?
बूट सहा. गादी चोवीस.
काल एका बाईने तांदूळ, तेल आणि पाव
तीन हप्त्यांत नेले.
पाव रात्रीच संपला असेल.
त्याचे दोन हप्ते अजून यायचेत.

इकिकेत पुढे समुद्र, पाठीला वाळूचा डोंगर,
मधल्या चिंचोळ्या पट्टीत आमचं चार मजली दुकान.
दार आपोआप उघडतं,
कुत्रं जवळ आलं तरी.

माझे आजोबा, एलेउतेरिओ चायापा,
डोंगरापलीकडे सोऱ्याच्या खाणीत होते.
त्यांना पगार पैशात नव्हता. बिल्ला मिळायचा,
काळा, मोठ्या बटणाएवढा, मध्ये भोक,
वर खाणीचं नाव आणि 'एक दिवसाचं काम'.
तो खाणीच्याच दुकानात चाले.
शेजारच्या खाणीत नेला, तर नुसतं बटण.
दुकानवाला मापात मारायचा, पिठात वाळू निघायची,
आणि फाटकावरचा पहारेकरी पोती उलटी करून बघायचा,
बाहेरून कुणी स्वस्त साखर तर आणली नाही ना.
कुंपण नव्हतं.
हवं कशाला?
कुठल्याही दिशेला दोन दिवस चाला, पाणी नाही.

तरी ते संपावर गेले. दोनदा.
दुसऱ्या वेळचं सांगत नसत.
उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे,
आम्ही विचारलं की नेमका तोच कान
आमच्याकडे करून बसत.

बिल्ला आता माझ्या किल्ल्यांना आहे.

माझी पोती कुणी उलटी करत नाही.
मला पत्र येतं, नावानिशी:
प्रिय नेलिदा, तुमची मर्यादा वाढली आहे.
आई आयुष्यभर मला मर्यादा शिकवत राहिली,
ती ही नव्हे.
पगार ज्या खात्यात येतो ते दुकानाचं,
पाच तारखेला जिथे जातो तेही दुकानाचं.
मधल्या रात्री तो माझ्याकडे मुक्कामाला असतो,
पाहुण्यासारखा, चपला न काढता.

मार्चमध्ये बूट-विभागातल्या हासिंताने
चिठ्ठी फिरवली.
मागणी काय, तर महिन्यातून दोन रविवार
आणि गल्ल्यामागे बसायला एक स्टूल.
गुरुवारी आठ वाजता, फुटबॉल क्लबच्या खोलीत.
बेचाळीस जणांनी माना डोलावल्या.

बुधवारी संध्याकाळी स्पीकर गोड आवाजात बोलला:
उद्या आठ ते अकरा, खास कर्मचाऱ्यांसाठी,
चाळीस टक्के सूट. घरच्यांनाही आणा.

मी सभेला जाणारच होते, शपथेवर सांगते.
येर्कोची शाळा सुरू झालेली, दप्तराचा बंद तुटलेला.
म्हटलं, दप्तर घ्यावं आणि तसंच पुढे जावं.
दहा मिनिटं.
रांगेत सगळे होते.
बेचाळीसच्या बेचाळीस मोजायचं धाडस झालं नाही.
जो तो आपापल्या टोपलीत बघत होता,
जणू तिथे काही वाचायला ठेवलंय.

साडेदहाला गल्ल्यावर माझी पाळी आली.
तेव्हाच हासिंता आली.
क्लबच्या खोलीची किल्ली तिच्या बोटात तशीच.
ती दाराशी उभी राहिली,
दार उघडलं, मिटायला गेलं, पुन्हा उघडलं,
आत घ्यायचं की नाही हे
त्याला ठरवता येईना.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
ती मांडण्यांमधून फिरली,
आणि माझ्यासमोर एक गुलाबी छत्री ठेवली,
लहान मुलीची, कडेला झालर.

इकिकेत पाऊस पडत नाही.
माझ्या जन्मापासून दोनदा थेंब आले,
तेही पेपरात छापून आले.
पण सान्तियागोहून सगळ्या शहरांना एकच माल येतो.

मी वर पाहिलं नाही.
तोंडातून जे रोज निघतं तेच निघालं.

ती म्हणाली, "जास्तीत जास्त."

काचेबाहेर धुकं उतरलं होतं, आमच्याकडचं,
ज्याने रस्तासुद्धा ओला होत नाही.
तिने दाराबाहेर पाऊल टाकलं
आणि छत्री उघडली.