खुर्ची नंबर एकेचाळीस

नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत
खुर्ची नंबर एकेचाळीस माझी होती, अकरा महिने.
महिना अठराशे, पंखा समाईक.
शेजारी चाळीसवर एमपीएससीचा मुलगा
कलम तीनशे छप्पन पुटपुटत बसायचा
आणि मी किडनीच्या नळीतलं सोडियम.
बोललो कधीच नाही.
त्याच्या वहीवरचा चहाचा डाग मात्र मला पाठ आहे.

इंगवले मॅडम म्हणायच्या,
नवीन पुस्तक घेऊ नकोस, नवीन भीती येते.
चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत लिही.
तीन वह्या भरल्या.
चौथी अर्धी.

रँक आली: अकरा हजार चारशे सात.
फोनवर बाबा, "म्हणजे चांगली ना?"
मागून आई, "सात आकडा बरा असतो."

रेडिओलॉजी गेली. स्किन तर स्वप्नातही नव्हतं,
म्हणजे होतं.
उरले एकशे बारा पर्याय
आणि ते लावायचे, मंडईत जुड्या लावतात तसे,
टवटवीत पुढे, मान टाकलेल्या मागे.
"मिळेल ते वर नको, हवं ते वर," मॅडम म्हणाल्या,
"यंत्राला तुझी लाज वाटत नाही."
पण हवं काय, हे कुठल्या वहीत लिहिलं होतं?

त्या रात्री ससूनला ड्युटी.
वेल्ह्याच्या द्रौपदाबाई, शीर सापडेना,
तिसऱ्या टोचणीला सापडली.
"तुमी कशाच्या डाक्टर व्हनार?"
ठरायचंय, म्हटलं.
"मला भूल दिली त्या बाईनं
डोळं मिटस्तोवर हात धरला व्हता.
नाव इचारलं, तर कुनालाच म्हाईत न्हाई."
मग कूस वळवून झोपल्या. मला काही सुचवत नव्हत्या.

अकरा पन्नास. पाच मिनिटांत यादी बंद.
सलाइनच्या स्टँडला टेकून
भूलशास्त्र एकतिसावरून बोटानं वर ओढलं,
नवावर थांबले,
पुन्हा ओढलं.
कितवं, ते सांगणार नाही.

सकाळी डिपॉझिट परत घ्यायला गेले.
एकेचाळीसवर दुसऱ्या कुणाची तरी पाण्याची बाटली.
चाळीसवाल्यानं पहिल्यांदाच मान वर केली.
"झालं?"
"यादी भरली."
तो पुढे काही विचारणार,
तेवढ्यात एकेचाळीसवरची मुलगी आली
आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली,
शूऽऽ.