दीड क्विंटल तार

खानापूरला अंगडींच्या दुकानात
तारेची भेंडोळी एकावर एक,
बसलेल्या म्हशींसारखी.
हात लावू नका अक्का, म्हणेपर्यंत
पदर अडकला.

किती पायजे?
मी चिठ्ठी काढली. चिठ्ठीत पावलं होती:
ओढ्याकडनं एकशे चौदा, फणसाकडनं नव्वद,
वरच्या अंगाला एकशे एकवीस.
शट्टूप्पाच्या बांधाला मी मोजली शहाऐंशी,
त्यानं मोजली ऐंशी.
त्याची ढांग लांब की माझं रान मोठं,
यावर आम्ही पान खाऊन होईस्तोवर भांडलो
आणि शहाऐंशी लिहिली.

अंगडींनी पेन्सिलीनं गुणलं, कानडीत पुटपुटत.
आकडे मला कुठल्याही भाषेत कळतात,
द्यायचे असले की कळतातच.
तार दीड क्विंटल, बारा बाय बारा.
सात फुटी खांब शंभर, कोपऱ्यांना टेके,
बांधायची बारीक तार पाच किलो,
ताणायचं यंत्र भाड्यानं, दोन दिवसांत परत.

कशाला एवढी बेली?
ते बेली म्हणतात, आम्ही वई.
माझी वई म्हणजे शेर, निवडुंग, करवंदीची जाळी,
मध्ये कुठं बोरीची फांदी ओढून टाकलेली.
तिच्यातनं कोंबडी जाते, पोरं जातात,
आणि सकाळी सकाळी मल्लवा येते
विस्तव न्यायला.
घरात गॅस आहे तिच्या. तरी येते.

गव्यांसाठी, मी म्हटलं.
आमुशेला पाच आले,
पोटरीतलं भात लोळवून गेले.

अंगडी हसले नाहीत.
गव्याला ही तार म्हणजे सुताचा दोरा, अक्का.
डुकराला जरा लागंल.
माणूस मात्र थांबतोय बगा.

असं कुठला दुकानदार सांगतो?
कमरेची थैली मी तशीच धरून बसले.
पंख्याला बांधलेली चिंधी फिरत होती.
मग म्हटलं, घ्या मोजून.

फाटकं किती?
एकच म्हणणार होते, गाडीवाटेचं.
तोंडातून आलं, दोन.
दुसरं केवढं?
मी हात पसरले, एवढं.
जरा जवळ आणले.
पुन्हा पसरले:
गुडघे गेल्यापासून मल्लवा आडवी चालते,
आणि एका हातात खापरी असते.

पोरांनी तळव्यांना गोणपाट गुंडाळून
भेंडोळी टेम्पोत चढवली.
बिल कानडीत. माझं नाव कुठलं
ते भाच्यानं बोट ठेवून दाखवलं.
खांब उद्या येणार होते.
पुढं जागा नव्हती, मी मागं बसले
पोत्यावर, तारेला पाठ न लावता.

जांबोटीच्या अलीकडं, दिवे लागायच्या वेळेला
टेम्पो थांबला.
रस्त्याच्या मधोमध तो,
गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखा,
कान हलवत, कसलीच घाई नाही.
ड्रायव्हरचा हात हॉर्नकडं गेला.
वाजवू नको रे, मी मागनं म्हटलं,
जाऊ दे त्याला आधी.