खुंट्यांची शेपटं

आदेलार डाव्या कानानं बहिरा आहे.
पन्नास वर्षं करवतीशेजारी उभं राहून
तो कान त्यानं लाकूडगिरणीला देऊन टाकला.
म्हणून मी त्याच्या उजवीकडे उभी राहायचे, गुण्या धरून.
तो विचारायचा, किती?
मी सांगायचे.
तो पुन्हा मोजायचा.

जुनं साखरघर जानेवारीत बसलं.
कोसळलं नाही, बसलं, थकल्या बैलासारखं,
पाठीवर चार हात बर्फ घेऊन.
फिलोमेन खिडकीतून बघत होती. म्हणाली,
मेल्यानं आवाजसुद्धा केला नाही.

त्यातले तीन खांब धड निघाले.
बाकीचा हेमलॉक आम्ही फेब्रुवारीतच पाडला,
ओला, जड, सालीच्या पोटात जांभळी रेघ.
मग उन्हाळाभर कुसवं आणि खाचा,
खाचा आणि कुसवं,
केसांत भुसा, कॉफीत भुसा,
आणि प्रत्येक जोडीवर पटाशीनं कोरलेली खूण:
एक रेघ, दोन रेघा, फुली.
सातवं कुसू सातव्याच खाचेत जातं,
आठवीला ते भीक घालत नाही.

ऑक्टोबरात गाव आलं. लांब काठ्या, तीसेक माणसं,
पाद्रीसुद्धा, बाह्या सरसावून.
रोझेर ओरडला, उचला!
आणि जमिनीवर झोपलेली चौकट
कण्हत उठली, उभी राहिली,
शोदिएर नदीकडे तोंड करून.
आढ्याच्या टोकाला कुणीतरी स्प्रूसची डहाळी ठोकली.
रीत आहे. का, ते कुणी विचारत नाही.

खुंट्या ॲशच्या. दोनशे चाळीस. मी तासल्या.
ठोकल्यावर त्यांची शेपटं पलीकडून वीतभर बाहेर राहिली.
माझी बाही दोनदा अडकली, तिसऱ्यांदा फाटली.
मी करवत उचलली, म्हटलं, सपाट करून टाकते.
आदेलार म्हणाला, राहू दे. एक पाक होऊन जाऊ दे.
का?
तो डावा कान माझ्याकडे करून उभा राहिला.

मग मार्च. रात्री सगळं गोठायचं,
दिवसा मेपलच्या बुंध्यांतून पाणी सुटायचं,
बादलीच्या तळाशी आधी टण, मग टप, मग काहीच नाही,
म्हणजे भरत आली.
चाळीस बादल्या आटवल्या की एक बादली पाक.
थांबायला वेळ नव्हता,
आणि कढई दारात अडकली.

दाराची रुंदी मीच काढली होती.
कढई मोजली होती.
तिची तोटी मोजली नव्हती.
चार बोटं.
तिरपी करून पाहिली, उलटी करून पाहिली.
रोझेरनं चर्चमधल्या एकेका भांड्याचं नाव घेतलं,
आमच्याकडे शिव्या तिथूनच येतात.
मी बर्फाकडे बघत राहिले.

आदेलारनं मोगरी घेतली.
दाराच्या खांबामागे गेला, एक शेपूट चाचपलं,
त्यावर तीन ठोके.
खुंटी निघाली, सालीतून बी निघावी तशी.
मग खालची.
खालची खाच त्यानं बाहेरच्या बाजूनं उघडी ठेवली होती;
उन्हाळ्यात मला ती त्याची चूक वाटली होती,
आणि मी मोठ्या मनानं गप्प बसले होते.

खांब बाजूला सरकला. कढई आत गेली.
खांब परत. खुंट्या परत.
खिळा असता तर कापावा लागला असता,
तो भट्टीला म्हणाला, मला नाही.
खुंटीला परत विचारता येतं.

त्या रात्री छपराच्या झडपा उघडल्या
आणि वाफ बाहेर पडली, जाड, गोड,
कोटात घुसली, भुवयांवर गोठली.
पहाटे दोनला पहिला पाक चमच्यावरून
धारेनं नाही, पडद्यासारखा उतरला.
किती? आदेलारनं विचारलं.
मी सांगितलं.
त्यानं पुन्हा मोजलं.

शेपटं मी अजून कापलेली नाहीत.
फिलोमेन त्यांवर हातमोजे वाळत घालते.